हलद कोनाची हाय?

शुक्रवार

नाशिकहून ठाण्याला जायला मला रेल्वेपेक्षा एसटी बरी वाटते. कसारा घाट उतरला की उकाडा अंगावर येतो, भिवंडी बायपासला ट्रकांच्या रांगेत अर्धा जीव जातो, हे सगळं खरं. पण बस थेट खोपटला नेऊन सोडते आणि तिथून ताईचं घर रिक्षानं पाच मिनिटांवर. ताई म्हणजे मामेबहीण. लग्न होऊन नौपाड्यात आली आणि पक्की ठाणेकर झाली.

"कुणाचं गाणं ऐकायला आलास?" तिनं दारातच विचारलं.

नाव मलाही माहीत नव्हतं. नेरुळच्या मित्रानं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "ती कॅसेटवाली बाई सापडली. शनिवारी बेलापूरकडच्या एका क्लबात गाणार आहे. ये."

ही कॅसेट मित्रानं मला हॉस्टेलात असताना ऐकवली होती. तो आगरी, जन्म गावठाणातला. ऐंशीच्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या आणि गल्लीबोळातल्या कंपन्यांनी जे मिळेल ते ध्वनिमुद्रित केलं, त्यातलीच ही एक. वर एकवीरा आईचा फोटो, खाली 'सुप्रसिद्ध धवलारीण आणि पार्टी'. बस. आतल्या कागदावर कंपनीच्या इतर कॅसेटींची यादी होती, गाणारीचं नाव नव्हतं. त्या पट्ट्यातल्या हळदींना कर्ण्यावर ही कॅसेट वाजायचीच. 'बी' बाजूचं शेवटचं गाणं तर अख्ख्या गावाला पाठ. एका नवऱ्या मुलाचं, त्याच्या बापाचं, काकाचं नाव घेत घेत जाणारं, मागे बेंजो आणि ढोलकी. मित्राला लहानपणापासून एकच कोडं होतं, की हा नवरा कोण? कारण त्या नावाचा माणूस गावात कुणीच नव्हता.

मग गेल्या वर्षी गावातल्या एका डीजेवाल्या पोरानं त्या गाण्याच्या चार ओळी उचलून खाली ठेका टाकला आणि हळदीत वाजवला. मांडवात बसलेली एक म्हातारी म्हणाली, "अरे, ही तं माजे मावशीची जाव!" शोध लागला तो असा. कुणी संशोधक आला नाही, विद्यापीठानं प्रकल्प काढला नाही. डीजेच्या भिंतीतून आवाज आला आणि म्हातारीनं तो ओळखला.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आगरी-कोळी लग्नात धवले गाणारी बाई असते, ती धवलारीण. देवांना आमंत्रण, देवक, तांदूळ, हळद, आंघोळ, प्रत्येक विधीला तिचं गाणं असतं, आणि गाणं सुरू झाल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. जुन्या लग्नांत भटजी नसायचाच, धवलारीणच लग्न लावायची, असं मित्राची आई सांगते. आता भटजी येतो, मंगलाष्टकं होतात, आणि धवलारिणीला कुठे बोलावतात, कुठे तिच्या जागी पेनड्राइव्ह लावतात.

दुपारी ऊन उतरल्यावर मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलो. १८९३ सालची संस्था. ठाण्याला आलो की तिथे एक चक्कर ठरलेली. महदंबेचे धवळे चाळायचे होते. तेराव्या शतकात ऋद्धिपूरला महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंनी लग्नाची हौस धरली, तेव्हा महदंबेनं कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे हे धवळे गायले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव शाळेत पाठ केलेलं असतं, मात्र ती लग्नात गाणारी बाई होती हे कुणी डोक्यात भरवत नाही. मला वाटत होतं, दोन्हींत काही साम्य सापडेल. वाचताना ते हाताला लागेना. छापलेले धवळे डोळ्यांनी वाचायला गेलं की ते कथाकाव्य होतात, त्यातलं लग्न निघून जातं. पुस्तक परत करून निघालो.

संध्याकाळी ताई-भावोजींबरोबर तलावपाळीला फेरी. मासुंदाकाठी तीच गर्दी, बोटी, भेळ, कोपिनेश्वराची घंटा. गडकरी रंगायतनाच्या बाजूनं जाताना भावोजी म्हणाले, "गाणं ऐकायचं तर इथे ऐकावं. क्लबात पत्ते खेळतात." त्यांचं म्हणणं अगदीच खोटं ठरलं नाही, ते पुढे येईल.

शनिवार

ठाण्यात सकाळी मामलेदार मिसळ खाल्ली नाही तर ताई रागावते. मी नाशिकचा, त्यामुळे मिसळीबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती इथे मांडून कुणाशी वैर घ्यायचं नाही. मध्यम तिखट मागवली तरी कान गरम झाले, एवढंच लिहितो.

तिथून चालत स्टेशन आणि नऊ-दहा नंबरच्या बाजूनं पनवेल लोकल. ही ट्रान्स हार्बरची गाडी मला आवडते. मुंबईची लोकल असूनही शनिवारी दुपारी बसायला जागा मिळते. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. डावीकडे पारसिकचा डोंगर आणि कारखाने, उजवीकडे इमारती, त्यांच्या मागे कुठेतरी खाडी. पाट्यांवरची नावं सगळी गावांची. बाहेरून येणाऱ्याला गाव दिसत नाही, नुसती सेक्टरं दिसतात. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहराच्या आराखड्यात गेली. गावठाणं तेवढी राहिली, आणि त्यांच्या चारी बाजूंनी शहर उभं राहिलं. नेरुळला मित्राच्या घरी जायला चकचकीत मॉलच्या मागून जी गल्ली लागते, तिच्यात दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं.

मित्राची आई कामात होती. पिशवीत सूप, पाट, नारळ, किलोभर तांदूळ, हळकुंडं आणि आंब्याची डहाळी भरत होती.

"क्लबवाल्यांनी मागितलं का?" मी विचारलं.

"त्यांनला काय म्हाईत? पन ती मांगंल."

क्लब म्हणजे नोडमधल्या, म्हणजे सिडकोनं आखलेल्या वसाहतीतल्या, सोसायट्यांनी मिळून उभारलेली दुमजली इमारत. खाली टेबल टेनिस, कॅरम आणि काचेच्या दारामागे रमीची खोली. वर हॉल, त्यात शंभरेक खुर्च्या, त्यातल्या सत्तरेक भरलेल्या. लोक तीन प्रकारचे: गावातली म्हातारी-कोतारी मंडळी, जी कार्यक्रमाच्या आधी तासभर येऊन पुढे बसली होती, लोकसंगीताचे शौकीन, म्हणजे माझ्यासारखे, सुती कुर्ते आणि झोळ्या, आणि क्लबाचे सभासद, ज्यांना शनिवारी संध्याकाळी दुसरं काही नव्हतं. मंचावर फलक होता, 'हरवलेला आवाज'. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तो मोठ्यानं वाचला आणि शेजारणीला म्हणाली, "कवा हरवला? आमचे कडं दोन सालांपूर्वी तं येऊन गेली."

आधी सत्कार. हा भाग लवकर उरकावा असं मला फार वाटलं, संयोजकांना वाटलं नाही. दीपप्रज्वलन, पाहुणे, त्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, मग ज्यांना शाल मिळाली नाही त्यांना गुलाब. निवेदिकेनं 'काळाच्या पडद्याआड गेलेला अनमोल ठेवा' हे शब्द दोनदा वापरले. त्या सगळ्या वेळात आजी खुर्चीवर बसून होत्या. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, सत्तरीच्या पुढचं वय. चेहऱ्यावर कंटाळा स्पष्ट दिसत होता. शेजारी त्यांची धाकटी जाऊ. दोघी गेली कितीतरी वर्षं जोडीनं गातात. हो, गातात. कॅसेटवाली कंपनी बंद पडली, त्यांचं गाणं नाही.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांनीच रविवारी सांगितलं, "माजा नाव नको घालू. पोरांना आवरत नाय."

सत्कार संपल्यावर पहिली गोष्ट त्यांनी केली ती खुर्चीवरून उठून खाली बसण्याची. दुसरी म्हणजे पाट आणि सूप मागितलं. क्लबचे सचिव गोंधळले, तोवर मित्राची आई पिशवी घेऊन मंचावर पोचलीसुद्धा. तिसरी गोष्ट: कीबोर्डवाल्याला आणि ढोलकीवाल्याला थांबवलं. कीबोर्डवाला बिचारा पट्टी विचारत होता. आजींनी सूर लावून दाखवला, त्यानं तो शोधला, तेवढ्यात जाऊबाईंनी दुसरा लावला. दोन-चार मिनिटं हा प्रकार चालला. शेवटी आजी म्हणाल्या, "बाला, तू दमशील. चा घे जा."

मग ध्वनियंत्रणा. दोघींना वेगवेगळे माइक दिले होते, समोर बघून गाण्यासाठी. त्या एकमेकींकडे बघून गातात. त्यामुळे मान वळली की आवाज गायब. साउंडवाला पोरगा हुशार निघाला. दोन्ही स्टँड काढले, एकच माइक दोघींच्या मधे, सुपाशेजारी, जमिनीलगत ठेवला. त्या संध्याकाळी ज्याला काम कळलं असा तो एकटा संयोजक.

सगळं जमलं. हॉल शांत झाला. आजींनी सुपात तांदूळ ओतले, नारळ ठेवला, मान वर केली आणि विचारलं,

"हलद कोनाची हाय?"

निवेदिका हसली. "आजी, हा कार्यक्रम आहे. आज हळद नाहीये."

"त्यो कलला मना. पन हलद कोनाची?"

लोक हसले. आजी हसल्या नाहीत. जाऊबाईंनी खुलासा केला, की नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, आईबापाचं, मामाचं, कुळाच्या देवाचं, हे कळल्याशिवाय गायचं काय? गाण्यातली निम्मी जागा नावांची. ती नावं त्या घरची असतात, त्या दिवशीची असतात. ती काढून टाकली तर मधे मधे 'गो' आणि 'रं' तेवढं उरतं. निवेदिका म्हणाली, "कुठलंही नाव घ्या ना." आजींनी तिच्याकडे असं पाहिलं की ती माइक घेऊन बाजूला झाली.

तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीला तिच्या मैत्रिणींनी ढकलून उभं केलं. तिचं लग्न मे महिन्यात. ऐरोलीच्या एका कंपनीत कामाला, आई सोबत आलेली. लाजत लाजत मंचावर गेली, पाटावर बसली.

"आगरी का?"

"नाही आजी. आम्ही साताऱ्याकडचे. पप्पा माथाडी होते, तुर्भ्याच्या मार्केटला."

"मंग काय झाला? हलद पिवलीच ना?"

यावर जी टाळी पडली ती त्या संध्याकाळची पहिली खरी टाळी. मुंबईचं घाऊक मार्केट तुर्भ्याला आलं तेव्हा माथाडी कामगारही त्याच्या मागोमाग इकडे आले. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतली पाठीवर पोती वाहणारी माणसं कोपरखैरणे, घणसोलीत स्थायिक झाली. गावठाणातल्या आगऱ्यांशी त्यांचं नातं नेहमीच गोडीगुलाबीचं होतं असं नाही. एका गटाची शेतं गेली तिथे दुसऱ्या गटाच्या चाळी उठल्या. त्यातल्याच एका घरच्या पोरीला आगरी धवलारीण कुलदैवत विचारत होती. मुलीची आई खुर्चीतूनच म्हणाली, "पालीचा खंडोबा."

आणि गाणं सुरू झालं.

पहिलं आमंत्रण देवांचं. एकवीरा आई आली, गावदेवी आली, खाडीकाठचे देव आले, आणि त्यांच्या पाठोपाठ, जराही न अडखळता, पालीचा खंडोबा म्हाळसेसह आला. मग नात्यातली माणसं. आजी एक ओळ म्हणायच्या आणि तिचा शेवटचा शब्द संपायच्या आत जाऊबाई ती उचलायच्या. त्यामुळे श्वास कुणी कधी घेतला ते कळत नाही. चाल चार-पाच सुरांतच फिरते. आवाजाबद्दल खरं सांगायचं तर कॅसेटवरचा तो धारदार आवाज आता नाही. खर्ज उरलाय, वरचा सूर फाटतो, मोठी ओळ दोन तुकड्यांत येते. ज्यांना चमत्कार हवा होता त्यांची निराशा झाली असणार.

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर मलाही कंटाळा आला. तीच चाल, तोच ठेका नसलेला ठेका, नाव बदललं की पुन्हा पहिल्यापासून. मी घड्याळ पाहिलं. खालून रमीच्या खोलीतून "शो!" अशी आरोळी आली आणि मागच्या रांगेत खसखस पिकली. तेवढ्यात आजींनी मुलीच्या मामाचं गाव चुकीचं घेतलं. मुलीची आई तिथूनच ओरडली, "वाई नाही, मेढा!" आजींनी ओळ न तोडता पुढच्या फेऱ्यात मेढा घेतलं. त्या क्षणापासून हॉलचं चित्र बदललं. पुढच्या रांगांतल्या म्हाताऱ्या ओळ झेलायला लागल्या. मित्राची आई मंचाच्या पायरीवर बसून हळकुंडं निवडत, दुसरीकडे न बघता गात होती. मुलीच्या आईला शब्द येत नव्हते, ती शेवटचं अक्षर धरायची. तिच्याकडच्या घाणा भरायच्या गाण्यांतही अशीच झेल असते, हे तिनं नंतर सांगितलं.

सुती कुर्तेवाले आम्ही मात्र मोबाइलवर चित्रण करत शांत बसलो होतो. गाण्यात सगळ्यात निरुपयोगी आम्हीच. आणि तरीही कार्यक्रम आमच्यासाठी होता, तिकीट आम्ही काढलं होतं, फलकावरचे शब्द आमचे होते. क्लब, मंच, खुर्च्या, दीड तासाची वेळ हे सगळं या गाण्याच्या विरुद्ध उभं होतं. ते गाणं दुरून ऐकण्यासाठी केलेलंच नाही. त्यात हात गुंतलेले लागतात. कॅसेटवाल्यांनी तीन-तीन मिनिटांचे तुकडे केले, खाली बेंजो घातला, तेव्हा ते 'ऐकायचं गाणं' झालं, आणि आम्हाला जे आवडलं होतं ते हे तुकडे.

साडेनऊला हॉल रिकामा करायचा होता. सव्वानऊला निवेदिकेनं विनंती केली, "आजी, आता सगळ्यांच्या आवडीचं, ते कॅसेटवालं!" मागून शिट्ट्या. आजी म्हणाल्या, "ती आंघोलीची हाय. हलद लावल्याबिगर आंघोल कशी?" आणि पुढची ओळ घेतली. गाणं आत्ता कुठे हळद वाटण्यापर्यंत आलं होतं. सचिव मंचाच्या कडेला येऊन घड्याळ दाखवत राहिले. आजींनी क्रम सोडला नाही. नऊ चाळीसला मुलीच्या गालाला हळदीचं बोट लागलं, नारळ तिच्या ओटीत गेला, आणि दोघी उठल्या. कॅसेटवालं गाणं झालंच नाही.

जिन्यात एक गृहस्थ तिकिटाचे पैसे परत मागत होते. मीही त्याच गाण्यासाठी घाट उतरून आलो होतो, पण त्या गृहस्थांच्या बाजूनं उभं राहावंसं वाटलं नाही.

मानधनाचं पाकीट आजींनी मंचामागेच फोडलं, सगळ्यांदेखत नोटा मोजल्या आणि बरोबर निम्म्या जाऊबाईंच्या हातावर ठेवल्या. शाल साउंडवाल्या पोराला देऊ केली. त्यानं घेतली नाही.

रविवार

रात्री मुक्काम मित्राकडेच. सकाळी तो आणि मी दिवाळ्याच्या बाजारात जाऊन चिंबोऱ्या घेऊन आलो. आजींकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, असा आईचा हुकूम होता.

घर गावठाणात आहे. तळमजल्यावर त्या, वर दोन मुलगे, वरचे दोन मजले भाड्यानं दिलेले. गच्चीवरून एका बाजूला पामबीचचे टॉवर आणि दुसऱ्या बाजूला खाडीची तिवरं. मार्च असल्यानं लांब चिखलात फ्लेमिंगोंची गुलाबी पट्टी होती. मित्रानं कौतुकानं दाखवली. आजींनी एकदा तिकडे बघून विचारलं, "खायला चालतात का?" आणि चिंबोऱ्या धुवायला बसल्या.

गाणं त्या सासूकडून शिकल्या, शिकवणी अशी नव्हती. सासू आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, शेतात गायची, ही मागे चिखलात वाकून ओळ झेलायची. लग्नातले धवले आणि आवणीची गाणी वेगळी, पण झेलायची रीत तीच. मग शेतं गेली. आवणीची गाणी कुठे म्हणणार? ती बंद पडली. लग्न मात्र प्लॉटवर झालं काय आणि शेतावर झालं काय, हळद लागतेच, म्हणून धवले राहिले. जानेवारी १९८४ चं त्या आपणहून बोलल्या. १६ आणि १७ तारखेला, सिडकोनं घेतलेल्या जमिनींसाठीच्या आंदोलनात, जासई-दास्तान फाट्याला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. "घरातली बाप्ये सगली तिकरं. त्या साली आमचे गावात लगीन झालाच नाय," एवढंच म्हणाल्या आणि चिंबोरीचा डेंगा मोडला. मी पुढे विचारलं नाही.

मित्राला मात्र त्याचं जुनं कोडं सोडवायचं होतं. जेवण झाल्यावर त्यानं धीर करून विचारलं, "आजी, कॅसेटमधला तो नवरा कोण?"

त्या आधी समजल्या नाहीत. समजल्यावर इतक्या हसल्या की जाऊबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. झालं होतं असं: दादरकडच्या कुठल्या तरी लहानशा स्टुडिओत दोघींना नेलं. काचेची खोली, कानाला भोंगे. बोट वर झालं की गा, असं सांगितलं. यांनी तिथेही तेच विचारलं, हळद कुणाची? आतला साहेब वैतागला. मागे त्याचा मदतनीस वायरी गुंडाळत बसला होता. तो म्हणाला, माझ्या मुलाचं नाव घाला. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. बापाचं नाव म्हणून त्यानं स्वतःचं सांगितलं, काका म्हणून भावाचं. म्हणजे इतकी वर्षं बेलापूरपासून उरणपर्यंत, प्रत्येक हळदीत, कर्ण्यावरून एका वायरीवाल्याच्या पोराचं लग्न लागत होतं. आणि आता डीजेवरही तेच लागतंय.

"त्या पोराचं खरं लग्न झालं असेल ना आता?" मित्र म्हणाला.

"झाला असंल. मना कुटं बोलावलान?"

मोबदला काय मिळाला होता? एक लुगडं, येण्याजाण्याचा खर्च आणि चार कॅसेटी. वाजवायला घरात यंत्र नव्हतं, म्हणून त्या नातेवाइकांत वाटून टाकल्या. एकही घरात उरली नाही. मी मोबाइलवर ते गाणं लावलं. दोघी जावा ऐकत राहिल्या. आजींना आपल्या तेव्हाच्या आवाजाचं काही वाटलं असेल, अशी माझी अपेक्षा. त्यांनी एक ओळ ऐकून जावेला सांगितलं, "इथं तू लवकर उचललंस." जाऊबाई म्हणाल्या, "तुच हलू गायलीस." यावर बराच वेळ वाद झाला. तो मिटल्याशिवायच चहा आला.

दुपारी क्लबच्या सचिवांचा मित्राला फोन. लोकांच्या तक्रारी आल्या असूनही त्यांना पुन्हा कार्यक्रम करायचाय, या खेपेला कॅसेटवालं गाणं पहिल्यांदा, मेमध्ये. आजींनी फोन हातात न घेताच मान हलवली. मे म्हणजे लगीनसराई. दोन हळदी आधीच ठरलेल्या, शिवाय ती साताऱ्याची पोरगी. तिच्या आईनं रात्रीच घरचा पत्ता घेतला होता आणि कोपरखैरण्याच्या हळदीला यायचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं. ते आजींनी स्वीकारलंय.

सगळे धवले क्रमानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा ध्वनिमुद्रित व्हावेत, ही माझी आणि मित्राची इच्छा. ती आम्ही भीत भीत बोलून दाखवली. त्या तयार झाल्या. अटी दोन. एक, खोट्या हळदीत नाही, खऱ्या घरच्या मांडवात. मित्राच्या चुलत भावाच्या मुलीचं लग्न यंदा व्हायचंय, तिथे. दुसरी अट जाऊबाईंनी घातली, की यंत्र घेऊन कोपऱ्यात बसायचं नाही, ओळ झेलायला लागेल. लगेच आम्हा दोघांना पाटावर बसवून देवांच्या आमंत्रणाच्या चार ओळी म्हणवून घेतल्या. मित्राला येत होत्या. मला शेवटचं अक्षर धरायला सांगितलं, साताऱ्याच्या बाईसारखं.

संध्याकाळच्या लोकलनं ठाणं, ताईकडे पोहे, आणि खोपटहून रात्रीची बस. लग्नाची तारीख कळवते, असं मित्राच्या आईनं सांगितलंय, पण ती अजून ठरत नाहीये. मुलाकडच्यांना एसी हॉल हवाय. आजींचं म्हणणं, हळद तरी दारातच करा, मांडव घालून. हॉलवाले आत जातं नेऊ देत नाहीत.